मेकाँगकाठचे उपेक्षित रोग : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

१९५७ साली पॅरिसमधल्या डॉक्टरांनी एका रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रुग्ण लाओसचा होता. देशाच्या दक्षिण टोकाला मेकाँगच्या पात्रात खोंग नावाचे बेट आहे, तिथला. त्याच्या शरीरात शिस्टोसोमा या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या कृमीची अंडी सापडली. चीन, जपान आणि फिलिपिन्समध्ये या कुळातला एक कृमी माहीत होता. मेकाँगच्या खोऱ्यातही तसा कृमी आहे, याचा पुरावा वैद्यकाला तेव्हा मिळाला. ही जात वेगळी आहे हे ठरून तिला शिस्टोसोमा मेकाँगी असे नाव मिळायला १९७८ उजाडले. त्याच्याही कितीतरी आधी, १८८६ मध्ये, पॉइरिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने पॅरिसमध्येच एका मासेमार रानमांजराच्या यकृतातून काढलेल्या चपट्या कृमीचे वर्णन लिहून ठेवले होते. आज आपण त्याला ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी म्हणतो. लाओस आणि ईशान्य थायलंडमधल्या लाखो माणसांच्या पित्तनलिकांत तो राहतो. माणसाच्या शरीरात तो सापडल्याची पहिली नोंद विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, चियांग माईच्या तुरुंगातली आहे.

एक कृमी आधी मांजरात दिसला, दुसरा दूरदेशी गेलेल्या एका बेटवासीयात. ज्या गावांत हे दोन्ही कृमी घरोघर होते तिथे सूक्ष्मदर्शक घेऊन कोणी बसलेले नव्हते. या विषयात पाऊल टाकणाऱ्या वाचकाने ही गोष्ट पहिल्यापासून ध्यानात ठेवावी असे मला वाटते. ‘उपेक्षित रोग’ म्हटले की औषध नाही, पैसा नाही, कंपन्यांना रस नाही, असे आपण धरून चालतो. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण लाओसच्या रोगांचा अभ्यास करू लागले की कळते, उपेक्षा त्याच्याही आधी सुरू होते. रोग मोजला जात नाही, किंवा मोजण्याची जी रीत हाताशी असते तिच्या डोळ्यांना तो दिसतच नाही. औषध स्वस्त आणि उत्तम असूनही रोग टिकून राहतो, कारण तो कुठे, किती आणि कोणाला आहे याचे चित्र चुकीचे असते. ते चित्र नीट करणे, हेच या क्षेत्राचे मुख्य काम आहे.

लाओस हा समुद्रकिनारा नसलेला देश. चीन, व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड आणि म्यानमार यांच्या मधोमध तो आहे. लोकसंख्या सत्तर लाखांच्या थोडी वर, म्हणजे मुंबईहून बरीच कमी; पण सरकारमान्य वांशिक समूह पन्नास. सखल प्रदेशात मेकाँग आणि तिच्या उपनद्यांच्या काठी भातशेती करणारे लाओ लोक, डोंगरउतारांवर खमू, आणखी उंचावर हमोंग, अशी ढोबळ मांडणी सांगतात. प्रत्यक्षात ती बरीच सरमिसळ झालेली आहे. कोण काय खातो, कुठे शौचाला जातो, डुक्कर बांधून ठेवतो की मोकळे सोडतो, हे समूहागणिक बदलते आणि त्याबरोबर रोगही बदलतात. त्यात युद्धाची भर आहे. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या देशावर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले. त्यांतल्या गुच्छबाँबांच्या कोट्यवधी छोट्या गोळ्यांपैकी मोठा भाग फुटलाच नाही आणि अजून मातीत आहे. ज्या जिल्ह्यात जमीन खणणेच जोखमीचे, तिथे शौचालयाचा खड्डा, विहीर आणि रस्ता या साध्या गोष्टी राहत नाहीत. परजीवींचा भूगोल समजून घेताना हा इतिहास बाजूला ठेवता येत नाही.

अभ्यासाची सुरुवात यकृतकृमीपासून करावी. लाओसची नदी, शेती, स्वयंपाकघर आणि इस्पितळ ही चारही त्याच्या एका जीवनचक्रात येतात. बाधित माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. पावसाच्या पाण्याबरोबर ती भातखाचरांत, पाटांत आणि उथळ तळ्यांत पोचतात. तिथे बिथिनिया नावाची लहानशी गोगलगाय ती गिळते. तिच्या शरीरात कृमीच्या अवस्था एकीतून दुसरी अशा वाढत जातात आणि शेवटी शेपटीवाले डिंभक पाण्यात सुटतात. रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशांच्या अंगात शिरून ते मांसात कोश करून बसतात. असा मासा कच्चा खाल्ला की आतड्यात कोश फुटतो, कोवळा कृमी पित्तनलिकेच्या तोंडातून वर चढतो आणि साधारण महिन्याभरात अंडी घालू लागतो. पुढे तो तिथे दहा-दहा वर्षे राहू शकतो. मांजरे आणि कुत्रीही तेच मासे खातात, त्यामुळे माणसांवर उपचार झाले तरी गावातले चक्र थांबेलच असे नाही.

मासा कच्चा का खातात, हा प्रश्न बाहेरून येणारा प्रत्येक जण विचारतो. तो विचारण्याची पद्धत बदलायला हवी. लाओ जेवणात चिकट भाताच्या मुठीबरोबर काहीतरी झणझणीत आणि आंबट लागते. ताजा मासा बारीक चिरून त्यात लिंबू, मिरची, पुदिन्यासारखा पाला आणि भाजलेल्या तांदळाची पूड घालून केलेला कोई पा हा त्या जेवणातला मानाचा पदार्थ. शेतातली कामे उरकल्यावर, पाहुणे आल्यावर, मित्र जमल्यावर तो होतो. लिंबाच्या रसाने मांस पांढरे पडते, शिजल्यासारखे दिसते. कोश मात्र जिवंत राहतात. सोम पा हा थोडे दिवस आंबवलेला मासा, त्यातही धोका उरतो. पादेक म्हणजे मीठ आणि तांदळाचा कोंडा घालून महिनोन्महिने मुरवलेला मासा. तो पुरेसा मुरला की त्यातले कोश मरतात. म्हणजे तिन्ही पदार्थांना एकाच यादीत टाकून ‘कच्चे मासे खाऊ नका’ असा फलक लावणारा आरोग्यकर्मचारी अर्धे चूकच सांगत असतो. घरातल्या बाईला पादेकबद्दल त्याच्याहून जास्त कळते. ती ते बोलून दाखवत नाही, पण फलकावरचा तिचा विश्वास उडतो. अन्नाचा नीट अभ्यास हा रोगशास्त्राचाच भाग आहे, असे मी आग्रहाने म्हणतो ते यासाठी.

बहुतेक बाधितांना कित्येक वर्षे काहीच होत नाही. कधी उजव्या बरगडीखाली जडपणा, कधी अपचन, एवढेच. पण पित्तनलिकेच्या अस्तराला सतत इजा होत राहते, दाह चालू राहतो, आणि कृमी स्वतः जे स्राव सोडतो त्यांत पेशींची वाढ चेतवणारे एक प्रथिनही आढळले आहे. त्यात आंबवलेल्या अन्नातून येणाऱ्या नायट्रोसमाइन गटातल्या रसायनांची भर पडते. हॅमस्टरवरच्या प्रयोगांत कृमी आणि हे रसायन एकत्र आले की पित्तनलिकेचा कर्करोग झालेला दिसला. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनीला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस ज्या गटात आहेत, तोच हा गट.

इथे मोजण्याचा प्रश्न उघडा पडतो. पित्तनलिकेच्या कर्करोगाचा जगातला सर्वाधिक दर ईशान्य थायलंडमधल्या खोन केन प्रांतात नोंदला गेला आहे. तो तिथे नोंदला गेला, कारण तिथे विद्यापीठ आहे आणि कर्करोगाची नोंदणी अनेक वर्षे नेटाने चालली आहे. मेकाँगच्या अलीकडच्या काठावर लाओसमध्ये तीच भाषाकुळे, तेच मासे, तेच पदार्थ आणि तोच कृमी आहे. लाओसमध्ये वीस लाखांहून अधिक लोक बाधित असल्याचा अंदाज वारंवार दिला जातो. पण गावातला शेतकरी पन्नाशीत पिवळा पडतो, खाज सुटते, वजन उतरते, आणि इस्पितळाचा खर्च ऐकून घरचे त्याला परत आणतात. घरी झालेल्या मृत्यूचे कारण कागदावर येत नाही. नकाशावर थायलंडची बाजू गडद रंगवलेली आणि लाओसची फिकट दिसते, तेव्हा त्या फिकेपणाचा अर्थ रोग कमी आहे असा घेऊ नये.

उपचार आहे. प्राझिक्वाँटेल हे औषध १९७० च्या दशकात जर्मनीत तयार झाले. सामूहिक मोहिमेत दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम एकदाच द्यायचे, एवढ्यावर बहुतेक कृमी मरतात. मात्र पुढच्या मेजवानीत लागण पुन्हा होऊ शकते, आणि ‘गोळी आहेच’ हा विश्वास बसला की कच्चा मासा उलट निर्धास्तपणे खाल्ला जातो. या पेचातून वाट काढण्याचा सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न मला खोन केनजवळच्या लावा तलावाच्या परिसरात झालेला दिसतो. बांचोब श्रीपा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे माणसांच्या उपचारांबरोबर मांजरे, मासे, गोगलगाई, शाळा आणि गावातले आरोग्य-स्वयंसेवक यांना एका कामात आणले. लाओसमध्ये तो नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही, कारण थायलंडइतकी दाट आरोग्ययंत्रणा तिथे नाही. पण विचाराची दिशा तीच असावी लागेल.

आता प्रयोगशाळेत जाऊ. या क्षेत्रातला बहुतेक पुरावा काटो-कॅट्झ नावाच्या पद्धतीवर उभा आहे. विष्ठेचा नमुना चाळणीतून घासायचा, साच्याच्या भोकात भरायचा म्हणजे बरोबर ४१.७ मिलिग्रॅम घेतले जातात, वर ग्लिसरीन आणि मॅलाकाइट ग्रीनमध्ये भिजवलेला सेलोफेन दाबायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायची. आलेल्या आकड्याला २४ ने गुणले की दर ग्रॅम विष्ठेतली अंडी कळतात. जपानी आणि ब्राझिलियन संशोधकांच्या हातून घडलेली ही पद्धत स्वस्त आहे, विजेशिवायही चालू शकते आणि गावच्या शाळेच्या ओसरीवर मांडता येते. तिच्याबद्दल मला नितांत आदर आहे. प्रत्येक नवागताने काही दिवस तरी स्वतः काचपट्ट्या वाचाव्यात, नंतरच तक्त्यांना हात लावावा.

कारण काचपट्टी काय लपवते तेही तेव्हाच कळते. अंकुशकृमीची अंडी ग्लिसरीनमध्ये विरघळल्यासारखी पारदर्शक होत जातात. पट्टी तासाभरात वाचली नाही तर ती दिसेनाशी होतात आणि मुलाच्या नावापुढे ‘नाही’ लिहिले जाते. यकृतकृमीच्या अंड्यांचा घोळ याहून मोठा आहे. लाओसमध्ये हॅप्लॉर्किस तायचुई आणि त्याच्यासारखे आतड्यात राहणारे अगदी बारीक पर्णकृमीही माशांतूनच येतात. त्यांची अंडी यकृतकृमीच्या अंड्यांशी इतकी मिळतीजुळती असतात की सराईत डोळाही फसतो. वर्षानुवर्षे दोन्ही एकाच नावाखाली मोजली गेली. पुढे संशोधकांनी प्राझिक्वाँटेल दिल्यावर जुलाबाचे औषध देऊन बाहेर पडलेले पूर्ण वाढलेले कृमीच गोळा केले, आणि जनुकीय चाचण्याही आल्या. तेव्हा दिसले की काही भागांत ‘यकृतकृमी’ म्हणून मोजलेल्यांत आतड्यातल्या कृमींचा वाटा बराच आहे. एकाने कर्करोग होतो, दुसऱ्याबाबत तसा पुरावा नाही. आकडा तोच राहिला, अर्थ बदलला.

स्ट्राँगिलॉइडिस हा तर काटो-कॅट्झच्या पूर्ण नजरेआड राहणारा कृमी. त्याची अंडी आतड्याच्या अस्तरातच फुटतात आणि विष्ठेत येतात ते डिंभक. ते पाहायला बेअरमनची गाळणी किंवा अगारवरची पैदास करावी लागते. माती अनवाणी तुडवताना डिंभक कातडीतून शिरतो. या कृमीला एक गुण असा आहे की तो माणसाच्या शरीरातच पुन्हा लागण करून घेत राहतो, नव्या डिंभकाची बाहेरून गरज पडत नाही. दुसऱ्या महायुद्धात सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांमध्ये सुटकेनंतर कित्येक दशकांनी तो जिवंत सापडला. एरवी तो खाज, पोटदुखी एवढ्यावर भागवतो. पण रुग्णाला दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉइड मिळाले की डिंभक सर्वांगात पसरून माणूस दगावू शकतो. आग्नेय आशियाच्या गावांत औषधांच्या दुकानात स्टिरॉइड सहज मिळतात, हे इथे आठवावे. योग्य पद्धती वापरून पाहण्या झाल्या तेव्हा दक्षिण लाओस आणि उत्तर कंबोडियातल्या काही गावांत दहापैकी चार माणसांत हा कृमी निघाला. आयव्हरमेक्टिनने तो बरा होतो. शाळांतल्या नेहमीच्या जंतमोहिमेत मात्र ते औषध नसते.

त्या मोहिमेबद्दलही थोडे सांगायला हवे. शाळेत वर्षातून एकदा-दोनदा मेबेंडाझोल किंवा अल्बेंडाझोलची एक गोळी देण्याने गोलकृमी चांगला आटोक्यात येतो. अंकुशकृमीचे तसे नाही. चंपासाक प्रांतातल्या शाळकरी मुलांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अंकुशकृमीपासून पूर्ण मुक्त झालेली मुले अल्बेंडाझोलच्या गटात सुमारे ३६ टक्के निघाली, मेबेंडाझोलच्या गटात सुमारे १८ टक्के. अंकुशकृमी रक्त पितो. मुलीच्या, गरोदर बाईच्या अंगातले लोह तो वर्षानुवर्षे घटवत राहतो. गोळी दिल्याची टक्केवारी अहवालात शंभराच्या जवळ असेल आणि रक्तक्षय जागच्या जागी असेल, तर अहवालातले कोणते रकाने कमी आहेत हे शोधणे अभ्यासकाचे काम आहे.

सगळे उपेक्षित रोग कृमींचे नाहीत. लाओसमध्ये बरीच वर्षे तापाने फणफणलेला माणूस आला की हिवताप समजून उपचार होत. रक्ताची चाचणी हिवतापाला नकार देऊ लागली तेव्हा ‘मग हा ताप कसला?’ हा प्रश्न उभा राहिला. व्हिएन्टिआनमधल्या माहोसोत रुग्णालयात २००० सालापासून ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि वेलकम ट्रस्ट यांच्या साहाय्याने जी प्रयोगशाळा वाढली, पॉल न्यूटन, रत्तनाफोन फेत्सुवान, मायफाँग मायक्साय आणि त्यांचे सहकारी जिथे काम करत आले, तिने या प्रश्नाला चिकाटीने उत्तर दिले. रक्तसंवर्धनात काहीही न वाढलेल्या ४२७ प्रौढ तापकऱ्यांचा त्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या चौथ्या भागाहून अधिक लोकांना रिकेट्सिया गटातले ताप निघाले, मुख्यतः स्क्रब टायफस आणि उंदरांवरच्या पिसवांतून येणारा टायफस. दोन्हींवर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध लागू पडते आणि नेहमीची बरीच प्रतिजैविके लागू पडत नाहीत. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली तेव्हा आपल्याकडच्या डॉक्टरांनाही हेच नव्याने शिकावे लागले.

त्याच प्रयोगशाळेने मेलिऑइडोसिस लाओसमध्ये असल्याचे दाखवले. भातखाचराच्या मातीतल्या आणि पाण्यातल्या जिवाणूमुळे होणारा, मधुमेह असलेल्यांना विशेष गाठणारा आणि चुकीच्या प्रतिजैविकावर वेळ गेला तर मारणारा हा रोग. १९११-१२ मध्ये रंगूनला व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी तो प्रथम ओळखला होता. लाओसमधून त्याची दखल घेणारा लेख प्रसिद्ध झाला २००१ मध्ये. मधल्या नव्वद वर्षांत तिथली माती बदललेली नव्हती. रक्तसंवर्धन करता येणारी जागा तेवढी नवी होती.

इतरांची नुसती ओळख करून देतो. ओढ्यातले खेकडे अर्धवट भाजून खाल्ल्याने होणारा पॅरागोनिमस फुप्फुसात राहतो, थुंकीतून रक्त पाडतो आणि क्षयरोग समजून त्याच्यावर महिनोन्महिने चुकीचे उपचार होतात. उत्तरेकडच्या फोंगसाली प्रांतात, जिथे समारंभात डुकराचे मांस कच्चे खाण्याची रीत आहे, तिथे डुकराच्या पट्टकृमीचे प्रमाण फार मोठे आढळले. त्याचे कोश मेंदूत बसले की अपस्मार होतो. कुपोषित मुलांच्या चेहऱ्याचे मांस झडवणारा नोमा लाओसमध्येही आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने तो उपेक्षित रोगांच्या यादीत घेतला तो २०२३ च्या डिसेंबरमध्ये.

खोंग बेटाकडे मात्र सविस्तर वळायला हवे, कारण यश आणि उलटणे दोन्ही तिथे शिकता येतात. शिस्टोसोमा मेकाँगीला निओट्रिक्युला अपर्टा ही काही मिलिमीटरांची गोगलगाय लागते. ती मेकाँगच्या तळच्या खडकांना चिकटून राहते आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की तिची संख्या खूप वाढते. नेमक्या त्याच महिन्यांत मुले नदीत डुंबतात, बायका कपडे धुतात, पुरुष जाळी लावतात. डिंभक ओल्या कातडीतून शिरतो. वाढलेले कृमी आतड्याभोवतीच्या रक्तवाहिन्यांत राहतात. त्यांची अंडी यकृतात अडकून तिथे व्रण होतात, प्लीहा सुजते, पोटात पाणी होते आणि शेवटी रक्ताची उलटी. १९८९ ते १९९९ अशी दहा वर्षे खोंग जिल्ह्यात प्राझिक्वाँटेलच्या सामूहिक मोहिमा झाल्या आणि लागण झपाट्याने खाली आली. मोहिमा थांबल्या. काही वर्षांत पाहण्यांमध्ये रोगाने पुन्हा डोके वर काढलेले दिसले आणि औषधवाटप नव्याने सुरू करावे लागले.

नदी तीच, खडक तेच, शौचालये नाहीत आणि कुत्र्यांच्या अंगातही कृमी, अशा ठिकाणी नुसती गोळी किती पुरणार? म्हणूनच अलीकडे लाओस आणि कंबोडिया या दोन्ही देशांत गावकऱ्यांनीच पाण्याचे स्रोत, शौचालये आणि नदीकाठचे धोके पाहून आराखडा करायचा, अशी पद्धत शिस्टोसोमाच्या निर्मूलनाला जोडली गेली आहे. मला ती औषधवाटपाइतकीच वैद्यकीय वाटते.

देशाने जिंकलेल्या लढायाही आहेत. अंधत्व आणणारी खुपरी हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून लाओसमधून संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये मान्य केले. २०२३ मध्ये हत्तीरोगाबाबतही तशीच मान्यता मिळाली. तो मुख्यतः दक्षिणेकडच्या अत्तापू प्रांतात उरला होता. हे घडले ते गावोगाव औषध घेऊन चालत जाणाऱ्या आणि रक्ताचे थेंब रात्री गोळा करणाऱ्या लाओ कर्मचाऱ्यांमुळे. त्यांची नावे शोधनिबंधांच्या आभारप्रदर्शनातही सहसा नसतात. परदेशी संस्थांची भूमिका मोठी आहे हे खरे. बासेलच्या उष्णकटिबंधीय आरोग्य संस्थेत आणि इतरत्र लाओ संशोधकांची एक पिढी तयार झाली, २०१२ मध्ये व्हिएन्टिआनला पाश्चर संस्था उघडली. तरी आजच्या कामाचा कणा लाओ संशोधकांचा आहे. नव्याने येणाऱ्याने त्यांचे निबंध आधी वाचावेत.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. १९५२ साली गाडगीळ आणि शाह यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमाचे केंद्र असल्याचे दाखवून दिले, आणि पुढे त्या कृमीला आसरा देणारी फेरिसिया ही बारीक गोगलगायही शोधून काढली. भारतात हा रोग स्थानिक नाही अशी समजूत तेव्हा होती. कोकणातल्या एका ओढ्याकाठी ती खोटी ठरली, कारण कोणीतरी लघवीचा नमुना काचेखाली धरला आणि मग ओढ्यात उतरून गोगलगाई वेचल्या. नारूची गोष्ट तर आपल्या आजीआजोबांनी पाहिलेली आहे. त्यावर लस नव्हती, औषधही नव्हते. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, पाणी गाळून पिणे आणि प्रत्येक रुग्ण घरी जाऊन शोधणे, एवढ्यावर भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. लाओसमध्ये काम करू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याकडे ही शिदोरी आहे.

आणि त्या विद्यार्थ्याने डॉक्टरच असावे असे मुळीच नाही. गोगलगाईंच्या जाती ओळखणारा प्राणिशास्त्रज्ञ इथे दुर्मिळ झाला आहे आणि त्याच्यावाचून अनेक कामे अडली आहेत. पशुवैद्यक हवा, कारण डुकरे, कुत्री आणि मांजरे या गोष्टीत सर्वत्र आहेत. अंकुशकृमीची कुत्र्या-मांजरांतली एक जात, अँकिलोस्टोमा सेलॅनिकम, लाओसच्या माणसांत सापडते. जलतज्ज्ञ हवा, कारण मेकाँगवर आणि तिच्या उपनद्यांवर धरणे होत आहेत आणि पाण्याची पातळी बदलली की गोगलगाईंचे गणित बदलते. आकडेशास्त्रज्ञ हवा, कारण एका नमुन्यात न सापडलेली लागण किती असावी याचा अंदाज काढणे हे बारकाईचे गणित आहे. मानवशास्त्रज्ञ आणि भाषांचा अभ्यासकही हवेत. हमोंग बाईला पोटातल्या दुखण्याबद्दल लाओ भाषेतून, तेही पुरुष कर्मचाऱ्याने विचारले, तर तिने दिलेल्या उत्तराला पुरावा म्हणणे मला पटत नाही.

येत्या काही वर्षांतले प्रश्न आजवरच्या प्रश्नांपेक्षा अवघड आहेत. औषधवाटपाने लागण हलकी होत जाते, विष्ठेतली अंडी विरळ होतात आणि काटो-कॅट्झच्या पट्टीवर ती सापडेनाशी होतात. रोग संपला की फक्त दिसेनासा झाला, हे ठरवायला वेगळी साधने लागतात. रक्तात किंवा लघवीत कृमीचे प्रतिजन शोधणाऱ्या चाचण्या तयार होत आहेत. खोन केनच्या संशोधकांनी यकृतकृमीसाठी लघवीवरची अशी चाचणी विकसित केली आहे. पाण्याच्या नमुन्यातून कृमीचा डीएनए पकडण्याचे प्रयोग लाओसमध्ये झाले आहेत, म्हणजे मासा किंवा माणूस न तपासता तळ्याबद्दल काही सांगता येऊ शकते. या साधनांना दुर्गम आरोग्यकेंद्रात उन्हातान्हात, विजेच्या लपंडावात काम करावे लागेल. त्यांची किंमत लाओस सरकारला पेलेल इतकी खाली यावी लागेल. पित्तनलिकेचा कर्करोग शस्त्रक्रियेला उशीर होण्याआधी शोधायचा तर गावपातळीवर अल्ट्रासाऊंड यंत्र आणि ते वाचणारा माणूस लागेल. थायलंडने त्या दिशेने मोठी पावले टाकली आहेत, लाओसमध्ये ते काम बहुतांशी पुढेच आहे. अंडी ओळखता येणारा, लाओ भाषा शिकायला तयार असलेला आणि मासळीबाजारात उभा राहून विक्रेतीला प्रश्न विचारताना न संकोचणारा अभ्यासक आज चंपासाकपासून फोंगसालीपर्यंत कोणत्याही जिल्ह्यात हवा आहे.